अणूला आठ इलेक्ट्रॉन हवे असतात हे त्याला सांगतं कोण? (आठवीतल्या लेकीचा प्रश्न, मदत करा)

कोपरखैरणे_कॉमर्स · सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, मी बीकॉम, सायन्सशी संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. लेक आठवीत आहे, सेमी इंग्लिश. परवा रात्री मी भाकऱ्या टाकत होते आणि ही ओट्यापाशी पुस्तक घेऊन उभी, रासायनिक बंधाचा धडा, आणि मला विचारते, आई, सोडियमला कसं कळतं त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आहे ते? त्याला मोजता येतं का? मी म्हटलं अगं त्याला अष्टक पूर्ण करायचं असतं. का? म्हटलं स्थिर व्हायचं असतं. त्याला स्थिर का व्हायचंय पण, आणि मग सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला फुकट देऊन टाकतो का, फुकट कोण देतं गं? एवढ्यात तव्यावरची भाकरी करपली.

मग मी आपलं डोकं चालवलं, म्हटलं हे बघ, लोकलमधे तीन जणांच्या बाकावर चौथा कसा अर्धा बाहेर लटकत बसतो, समोर जागा झाली की टुणकन उठून जातो, तसा सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन. मला वाटलं जिंकले. तर म्हणते, म्हणजे इलेक्ट्रॉनला अवघडल्यासारखं होतं?? घ्या.

तिने शाळेतही विचारलं म्हणे, तर उत्तर मिळालं की "अष्टक पूर्ण करण्यासाठी" एवढं लिही, दोन मार्काला तेवढं पुरे. ती हिरमुसून आली. कोणी मला समजेल अशा भाषेत सांगाल का, म्हणजे मी तिला सांगेन.

ऐरोलीकर_८२ · रात्री ११:०५

सोप्पंय ताई. निऑन, आर्गॉन वगैरे राजवायूंच्या बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन असतात म्हणून ते कोणाशी बोलत नाहीत, एकदम स्थिर. सोडियमची कवचं (केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे थर) आतून बाहेर २, ८, १. त्याने १ दिला की २, ८ म्हणजे निऑनसारखा. क्लोरीन २, ८, ७. त्याने १ घेतला की २, ८, ८ म्हणजे आर्गॉनसारखा. दोघंही खूश. झालं मीठ. आणि हायड्रोजन, ऑक्सिजनसारखे जिथे कोणीच द्यायला तयार नाही तिथे भागीदारी, म्हणजे सहसंयुज बंध. हेलियमचं पहिलंच कवच म्हणून त्याला दोनच पुरतात.

कोपरखैरणे_कॉमर्स · रात्री ११:१२

दादा थँक्यू, पण हे सगळं पुस्तकात आहे आणि तिला तोंडपाठ आहे. तुमचं ते "दोघंही खूश" आहे ना, तिथेच तिचं घोडं अडलंय.

नौपाड्याचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ७:४०

नमस्कार. ३१ वर्षं अकरावी बारावीला केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर आहे, सकाळी तलावपाळीला चार फेऱ्या मारून आलो आणि हा प्रश्न बघितला, चहा गार झाला तरी चालेल पण याला उत्तर देणार. आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा, माझी बारावीची पोरंसुद्धा हे विचारायची नाहीत, आठ म्हटलं की आठ.

तिला पहिलं हे सांगा की अणूला काहीही हवं नसतं. हवंय, देतो, घेतो, खूश होतो ही आपली बोलायची पद्धत, मीही वर्गात बोलायचो. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरून पाणी खाडीकडे धावतं, त्याला काय खाडीत जायची हौस असते का? उतार आहे म्हणून जातं. अणूंचंही तेच, फक्त तो उतार उंचीचा नसतो, ऊर्जेचा असतो. दोन अणू जवळ आल्यावर मिळून ऊर्जा कमी होणार असेल तर ते एकत्र राहतात, होणार नसेल तर आपटून आपापल्या वाटेने जातात. मोजतबिजत कोणी नाही.

आता उतार येतो कुठून. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, ओढाओढी विजेची आहे. सगळ्यात साधा हायड्रोजन घ्या, एक केंद्रक एक इलेक्ट्रॉन. दोन हायड्रोजन लांब आहेत तोवर ज्याचा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे. जवळ आणत गेलं की याच्या इलेक्ट्रॉनला त्याचंही केंद्रक ओढायला लागतं आणि त्याच्या इलेक्ट्रॉनला याचं, दोन्ही इलेक्ट्रॉन दोघांच्या मधल्या जागेत जास्त सापडतात, ऊर्जा उतरत जाते. फारच जवळ आणलं तर मात्र दोन केंद्रकं एकमेकांना ढकलतात आणि ऊर्जा परत चढते. म्हणजे मधे कुठेतरी खड्डा आहे, आणि तो खड्डा मोजलेला आहे, ७४ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग) अंतरावर. अणू त्या खड्ड्यात बसले की आपण म्हणतो बंध झाला. बंध ही काडी नाही, दोरी नाही, हूक नाही, तो खड्डा आहे. त्यांना परत वेगळं करायचं तर खड्ड्यातून वर काढावं लागणार, त्याला एका मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात. (मोल म्हणजे डझनासारखा मोजायचा गठ्ठा, फक्त अवाढव्य.) हे गणित १९२७ साली हाइटलर आणि लंडन या दोघा शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा मांडून दाखवलं. पुस्तकातला आठचा नियम त्याच्या आधीचा आहे, तेव्हा नियम होता पण कारण हातात नव्हतं.

आता "फुकट कोण देतं" याच्याकडे येतो. हा प्रश्न मला फार आवडला कारण उत्तर आहे, कोणीच नाही! तुम्ही कॉमर्सवाल्या आहात तर हिशोबच मांडतो, सगळे आकडे एका मोलचे, किलोज्यूलमधे.

सोडियमच्या अणूवरून तो शेवटचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ खर्च. काढायला खर्च येतो हे नीट वाचा, तो आपणहून उडी मारून जात नाही, केंद्रकाने त्यालाही धरलेलंच असतं. क्लोरीनने तो घेतला की ३४९ जमा. म्हणजे व्यवहारात १४७ ची तूट. नुसती देवाणघेवाण करून दोघांचं "अष्टक पूर्ण" झालं तरी धंदा तोट्यात! मुलीची शंका शंभर टक्के बरोबर होती.

मग मीठ होतंच कशाला? तर आता एक धन आयन आणि एक ऋण आयन आहे (इलेक्ट्रॉन गेलेला किंवा जास्तीचा आलेला अणू म्हणजे आयन), ते एकमेकांकडे ओढले जातात, आणि एकाला एक असे नाही तर प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, असे थरावर थर. ते सगळे सुटे आयन येऊन रचले जाताना ७८७ सुटतात. १४७ ची तूट भरून ६४० शिल्लक. प्रत्यक्षात आपण सुट्या अणूंपासून सुरुवात करत नाही, सोडियमचा घट्ट धातू असतो आणि क्लोरीनची जोडी असते, तर धातूतून अणू सोडवायचे १०७ आणि क्लोरीनची जोडी फोडायचे १२२ तेही खर्चात टाका, तरी ४११ निव्वळ नफा. ५८.५ ग्रॅम मिठामागे, म्हणजे चहाचे दहाएक चमचे. एवढ्या ऊर्जेत, सगळी पाण्याला लागली असं धरलं तर, सव्वा लिटर पाण्याला उकळी येईल.

थोडक्यात सोडियमने इलेक्ट्रॉन दिला नाही, रचनेने तो विकत घेतला.

आठ कशाला हे संध्याकाळी लिहितो, आत्ता हिने भाजी आणायला पिटाळलंय.

कोपरखैरणे_कॉमर्स · सकाळी ९:३०

सर!! हा ताळेबंद मी ट्रेनमधे उभ्याने वाचला आणि पहिल्यांदा केमिस्ट्री कळली मला. तूट कुठे आणि वसूल कुठे हे बघायची सवयच आहे ना. पण मग एक शंका, एवढा नफा होतोय तर सोडियम दोन इलेक्ट्रॉन का काढत नाही, नफा डबल?

रबाळे_बी_शिफ्ट · दुपारी २:१५

मास्तर भाजीला गेलेत तोवर मी बोलून घेतो. मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात केमिकल प्लँटला आहे १८ वर्षं, डिग्री नाही आपली, हाताने शिकलोय. सोडियम धातू बघितलाय का कोणी? आम्ही तेलात बुडवून ठेवतो, सुरीने पनीरसारखा कापला जातो, कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि तुम्ही बघता बघता मळकट पडते, हवेतल्या ओलाव्याशी लगेच भांडण. पाण्यात छोटासा तुकडा पडला तरी तडतडत पळतो, हायड्रोजन सुटतो, पेटतो पण. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला सांगतो बाबा घामेजला हात पण लावायचा नाही. आणि हाच सोडियम एकदा मिठात बसला की आपण बोटाने चाखतो. तुमच्या लेकीला हे सांगा, इलेक्ट्रॉन एकच इकडचा तिकडे आणि फरक बघा केवढा.

दुसरं म्हणजे राजवायू राजवायू करता ते आपल्या रोजच्या बघण्यातले आहेत. वागळे इस्टेटला कुठल्याही गाळ्यात स्टीलच्या रेलिंगचं काम चालू असेल तिथे विचारा, "आर्गॉन मारायचाय" म्हणतात. आर्गॉन वेल्डिंग. तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून वरून आर्गॉनची फुंकर सोडायची, तो कोणाशी काही करत नाही ना. बाटला संपत आला आणि तसंच ओढलं तर जोड काळा पडतो, भोकं पडतात, मग शेठच्या शिव्या. आर्गॉन या नावाचा मूळ ग्रीक अर्थच आळशी असा आहे.

अजून एक, हे फार जण उलटं बोलतात म्हणून लिहितो. बंध तुटला की ऊर्जा मिळते असं काय नसतं. तोडायला लागते, जोडताना मिळते. मास्तरांच्या खड्ड्यावरून बघा, वर काढायचं तर मेहनत तुमची. घरी पाइपचा गॅस आहे ना, त्यात मिथेन. लायटर मारता ती ठिणगी म्हणजे पहिलं भांडवल, तिच्याने सुरुवातीचे बंध तुटतात. मिथेनचे चार आणि दोन ऑक्सिजनचे तोडायला मोलमागे साधारण २६५० किलोज्यूल खर्च, आणि मग कार्बन डायऑक्साइड नि पाणी तयार होताना साधारण ३४५० परत येतात. मधले ८०० त्यावर तुमची भाकरी.

करपली ती पण त्याच्यावरच 😄

नौपाड्याचा_मास्तर · संध्याकाळी ६:५५

रबाळेवाले, तुम्ही माझ्या वर्गात असतात तर मी शेवटच्या बाकावर बसून ऐकलं असतं. उत्तम.

ताई, तुमच्या "डबल नफा" शंकेतच आठचं उत्तर दडलंय. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६. दुसरा काढायला किती? ४५६२! नऊपट. कारण पहिला बाहेरच्या कवचात एकटा लांब होता, केंद्रक आणि त्याच्या मधे आतल्या दहा इलेक्ट्रॉनांची गर्दी, त्यामुळे त्याच्यावरची पकड ढिली. दुसरा काढायचा तर आतल्या कवचातला, तिथे पकड भलती घट्ट. तेवढा खर्च कुठलीच रचना भरून देऊ शकत नाही. शेजारचा मॅग्नेशियम बघा, पहिला ७३८, दुसरा १४५१, हे दोन्ही वसूल होतात म्हणून तो दोन सोडतो, तिसऱ्याला मात्र ७७३३, तिथे गाडी थांबते. आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे कवच संपलेलं असतं. अणूला मोजता येत नाही, पण किंमत एकदम वाढते, आणि आपण बाहेरून बघणारे म्हणतो अरे वा, दर वेळी आठवरच थांबतोय.

दुसऱ्या बाजूनेही तसंच. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात एक जागा रिकामी आहे आणि तिथे केंद्रकाची ओढ भरपूर आहे म्हणून एक येऊन बसतो. त्याच्यानंतरच्याला वरच्या मजल्यावर, म्हणजे पुढच्या कवचात, जावं लागेल आणि शिवाय आधीच ऋण झालेल्या आयनकडे यायचं म्हणजे ढकलाढकली, तो परवडत नाही.

आणि आठच का, सहा किंवा दहा का नाही, तर या मजल्यावरच्या खोल्या चार आहेत. एक गोल आकाराची आणि तीन डमरूसारख्या, तीन दिशांना एकेक. एका खोलीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, हा पाउली या शास्त्रज्ञाचा १९२५ चा नियम. चार दुणे आठ. सगळ्यात खालच्या मजल्यावर फक्त गोल खोली आहे म्हणून हेलियम दोनवर भरला. यापलीकडे आठमधे काही जादू नाही. त्या खोल्या चारच का, हे मात्र आठवीत नको, बीएस्सीला गेली की भेटेलच.

खारघर_ड्रॉपर · रात्री ८:२०

सर एक नंबर 🙏 मी जेईईसाठी ड्रॉप घेतलाय त्यामुळे हा चॅप्टर तिसऱ्यांदा चालू आहे, दोन गोष्टी ॲड करतो.

एक, हेलियम हेलियम बंध का होत नाही ते पण खड्ड्याच्या भाषेत सांगता येतं. दोन अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनांसाठी दोन नवीन जागा तयार होतात, एक आधीपेक्षा खालची आणि एक आधीपेक्षा वरची. हायड्रोजनचे मिळून दोनच इलेक्ट्रॉन, दोघंही खालच्या जागेत मावले, निव्वळ फायदा. हेलियमचे मिळून चार, दोन खाली, उरलेल्या दोघांना नाइलाजाने वर जावं लागतं, आणि वरच्याचा तोटा खालच्याच्या फायद्यापेक्षा थोडा जास्तच असतो. म्हणून हेलियम एकटा. त्याचं "समाधान झालंय" म्हणून नाही. आणि सर, इलेक्ट्रॉन नुसता मधे ओढला जातो एवढंच नाही, त्याला फिरायला दोन अणूंएवढी मोठी जागा मिळते याचा पण ऊर्जेत फायदा असतो, आमच्या क्लासचे सर यावर फार भांडायचे.

दोन, अपवाद. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमधे बोरॉनभोवती सहाच. सल्फर हेक्झाफ्लुओराइडमधे सल्फरभोवती बारा मोजावे लागतात. नायट्रिक ऑक्साइडमधे नायट्रोजनचे ५ आणि ऑक्सिजनचे ६ मिळून ११, विषम आकडा, कसंही वाटा, दोघांचे आठ आठ होऊच शकत नाहीत, तरी हा वायू असतो, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे गाड्यांच्या इंजिनातून पण निघतो. आणि लोखंड तर आठचं नावच घेत नाही, गंजातल्या लोखंडाच्या आयनची मांडणी २, ८, १३. खाडीच्या हवेने आमच्या बिल्डिंगची ग्रिलं सडली ती काही अष्टक विचारून नाही सडली.

सगळ्यात भारी किस्सा झेनॉनचा. १९६२ साली नील बार्टलेट नावाच्या केमिस्टने बघितलं की त्याच्याकडचं प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावतंय. मग त्याच्या लक्षात आलं की झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायचा खर्च ऑक्सिजन रेणूच्या खर्चाएवढाच आहे जवळजवळ. दोन्ही वायू एकत्र आणले आणि झाला की पदार्थ तयार, राजवायूचा! तोवर बहुतेकांना वाटायचं की हे शक्यच नाही कारण अष्टक पूर्ण आहे. त्याने फक्त किंमत बघितली.

ऐरोलीकर_८२ · रात्री ८:४५

अरे बाबा आठवीतल्या पोरीला प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड?? ती उद्या कॉमर्स घेईल. आणि आता सगळे मिळून आठच्या नियमावर घसरलात म्हणून सांगतो, परीक्षेत तोच लिहायचाय. माझं उत्तर चुकीचं नव्हतं.

नौपाड्याचा_मास्तर · रात्री ९:१०

नव्हतंच चुकीचं, आणि नियमाला नावं ठेवू नका. १९१६ साली लुईस नावाच्या केमिस्टने हे मांडलं तेव्हा त्याने अणू चक्क घनाच्या आकाराचा काढला होता, डब्यासारखा, आठ कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यात एक इलेक्ट्रॉन. दोन अणूंनी कोपरे किंवा कडा जुळवल्या की इलेक्ट्रॉनांची भागीदारी झाली. चित्र साफ चुकीचं, पण त्यातून निघालेली "दोन इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे एक बंध" ही कल्पना शंभर वर्षं टिकलीये. अष्टक या अर्थाचा शब्द पुढे १९१९ ला लँगम्यूरने रूढ केला. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्यापुरता हा नियम इतका चोख चालतो की आपलं शरीर, जेवण, पेट्रोल, प्लॅस्टिक, औषधं सगळं जवळपास त्यातच उरकतं. नियम हा ठोकताळा आहे, कारण ऊर्जा आहे. मुलीने पेपरात ठोकताळा लिहावा आणि डोक्यात कारण ठेवावं, दोन मार्क कुठे जात नाहीत.

माझी तक्रार शिकवणाऱ्यांबद्दल आहे, माझ्यासकट. "का" विचारल्यावर "आठवीत एवढंच, पुढे कळेल" म्हणावं, ते खरं तरी असतं. "लिहून घे" कशाला म्हणायचं.

आगरातला · रात्री ९:५०

मी फक्त मीठ शब्द दिसला म्हणून आलो 😀 आमचे आजोबा मिठागरावर होते. मुलुंड भांडुपच्या बाजूला हायवेवरून अजून दिसतात चौकोनी वाफे, मला ट्रेनमधून दिसले की मान आपोआप वळते. आजोबा सांगायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं, आणि घट्ट झालं की वर आधी बारीक साय धरते, ती म्हणजे पहिलं मीठ. ते हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे हलवू नको, दाणा मोडेल. म्हणजे मास्तरांचं ते थरावर थर रचणं आजोबा डोळ्यांनी बघत होते म्हणायचं, उन्हात पाय भाजत.

ताई तुमच्या मुलीला जाडं मीठ द्या, काळ्या कागदावर चार खडे ठेवून मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघायला सांगा. काय दिसतं ते मी सांगत नाही.

अजून एक, हिंदी व्हिडिओ बघत असेल तर सांभाळा, हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू आणि आपल्या अणूला ते परमाणु म्हणतात. माझ्या पुतण्याने अख्खा धडा उलटा पाठ केला होता.

कोपरखैरणे_कॉमर्स · बुधवार, रात्री १०:२०

अहो ते अणु परमाणु!! तरीच. ती परवा म्हणत होती मिठाच्या अणूत दोन परमाणू असतात आणि मला वाटलं तिला जास्त कळतंय.

बरं रिपोर्ट देते. काल रात्री तिला आधी हिशोब सांगितला, वहीत डावीकडे खर्च उजवीकडे जमा अशी रेघ मारून. १४७ ची तूट आली तिथे थांबवलं आणि म्हटलं आता सांग, का होईल मीठ? तिने खूप वेळ पेन्सिल चावली आणि म्हणाली, म्हणजे अजून कुठून तरी पैसे आले पाहिजेत. मला इतकं बरं वाटलं. मग ७८७ लिहिले.

आज खडे बघितले. आमच्याकडे जाडं मीठ बरणीत असतंच लोणच्यासाठी. मोठे खडे ओबडधोबड होते, त्यांच्यात काही दिसेना, मग तिने बारीक मिठाची चिमूट घेतली, आणि मोबाईलने काही जमेना तर तिच्या बाबांच्या स्टॅम्प बघायच्या भिंगातून बघितलं. चौकोनी! अगदी छोटे छोटे डबे, कोपरे थोडे झिजलेले, एकावर एक चिकटलेले. ती दहा मिनिटं मान वर काढेना. मला म्हणाली सहाजणांनी सहा बाजूंनी धरलंय म्हणून डबा झाला का गं. मी म्हटलं असेल बाई, सरांना विचारते. (सर, बरोबर आहे का?)

आणि मग वरणात मीठ घालायला गेले तर नवीन प्रश्न. एवढे ७८७ देऊन ते घट्ट बसलेत, मग नुसत्या पाण्यात कसे काय सुटतात, गॅस पण नको लायटर पण नको, तो खर्च कोण करतं?

नौपाड्याचा_मास्तर · रात्री १०:४५

बरोबर आहे, सहा बाजू, एकमेकींना काटकोनात. माझ्या वतीने तिला एक चॉकलेट.

पाण्याचा खर्च पाणीच करतं. पाण्याच्या रेणूचं ऑक्सिजनकडचं टोक किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची टोकं किंचित धन असतात. सोडियमच्या आयनभोवती पाण्याचे रेणू ऋण टोकं आत करून गोळा होतात, क्लोराइडभोवती धन टोकं आत करून. म्हणजे रचनेची ओढ सुटली पण पाण्याची ओढ लागली, आणि ती जमा इतकी मोठी आहे की ७८७ जवळजवळ सगळे भरून निघतात, मोलमागे जेमतेम ४ किलोज्यूल कमी पडतात. मग उरलेले चार का होईना कुठून येतात आणि तोट्यात असूनही ते विरघळतं का? ते चार पाण्याच्या उष्णतेतून येतात, म्हणजे मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. आणि तोट्यात का, तर इथे ऊर्जेशिवाय आणखी एक गोष्ट मोजावी लागते, सुटे होऊन पाणीभर पसरायच्या शक्यता कितीतरी जास्त असतात, त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. काल मी तिला सगळा हिशोब ऊर्जेचा आहे असं सांगितलं ते थोडं अपुरं होतं, एवढं माझ्याकडून दुरुस्त करून घ्या.

कोपरखैरणे_कॉमर्स · रात्री ११:००

पाणी गार होतं??? तिला आत्ताच्या आत्ता करून बघायचंय, झोपायला तयार नाही. तापाचा थर्मामीटर घातला पातेल्यात, नुसतं "लो" दाखवतोय.

रबाळे_बी_शिफ्ट · रात्री ११:०४

ताई तो ३२ ३५ च्या खाली दाखवतच नाही, माणसाच्या अंगासाठी असतो तो. आणि लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम टाकलं तरी जेमतेम एक डिग्री उतरेल. लॅबचा काचेचा लागेल, शून्यापासूनचा. कमी पाण्यात भरपूर मीठ टाका, ग्लासभर पाणी घ्या, म्हणजे फरक जरा जास्त येईल, आणि मीठ नि पाणी दोन्ही तासभर एकाच खोलीत ठेवून मगच मिसळा, नाहीतर माठातलं पाणी घ्याल आणि म्हणाल गार झालं.

नौपाड्याचा_मास्तर · रात्री ११:०९

माझ्याकडे आहे एक, शून्य ते ११०, कॉलेज सोडताना शिपायाने आठवण म्हणून दिलेला. ठाण्याला येणं झालं तर रविवारी सकाळी मुलीला घेऊन तलावपाळीला या, सातला मी तिथेच असतो. परत आणून द्यायला सांगा मात्र.